पाच माणसांचा स्वयंपाक आणि पाकिटावर न छापलेली किंमत

२०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली आणि घराघरांत वरण पातळ झालं. पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तो भाव डोळ्यासमोर ठेवून तूर पेरली, पाऊसही बरा झाला आणि २०१७ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांत तुरीचे ढीग लागले. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता. पण सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. हातात पैसा हवा असलेल्यांनी केंद्राची वाट न बघता व्यापाऱ्याला पडत्या भावात तूर दिली. शहरात मात्र डाळ स्वस्त झाली आणि वरण पुन्हा घट्ट झालं.

खाण्यातल्या नीती-अनीतीचा विषय निघाला की गाडी लगेच शाकाहार-मांसाहारावर जाते, नाहीतर सेंद्रिय भाजीवर. मला मात्र डाळीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण डाळीत कुठलाही जीव जात नाही, बहुतेक पंथांत ती निषिद्ध नाही, तरीही तिची पूर्ण किंमत आपण मोजलेली नसते. पाकिटावर छापलेली किंमत आपण देतो. न छापलेली किंमत कधी शेतकरी देतो, कधी मजूर, कधी जनावर, तर कधी जमिनीतलं पाणी आणि समुद्र. ठरलेल्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाला यातलं काय कमी करता येतं आणि काय त्याच्या हातात नाही, एवढंच इथे सोपं करून सांगायचं आहे.

आधी घरातलं ताट

खाणारी तोंडं पाच, त्यातली दोन वाढत्या वयाची. अशा घरात पहिलं कर्तव्य कोणतं हे सांगायची गरज नसावी, पण गरज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ५४ टक्के निघालं. हे आकडे एखाद्या दुर्गम तालुक्याचे नाहीत, सगळ्या राज्याचे आहेत. मुलाच्या ताटातली प्रथिनं कमी करून होणारी कोणतीही निवड माझ्या मते नैतिक नव्हे, मग तिच्यामागचा हेतू कितीही उदात्त असो.

दुसरी गोष्ट अशी की, अन्याय शेतावर किंवा पोल्ट्रीतच असतो असं नाही. तो ओट्यापाशीही असतो. डझनभर अंडी आणली तर ती कुणाच्या ताटात जातात? सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसणारी बाई ‘मला नाही आवडत अंडं’ म्हणते तेव्हा ते खरंच आवडत नसतं, की चार अंड्यांत पाच माणसं बसत नसतात? हा हिशेब बदलायला एक रुपयाही जास्त लागत नाही. म्हणून बाहेरच्या जगाकडे वळण्याआधी तो करावा.

रेशनवर अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. धान्याने पोट भरतं, पण मुलाची वाढ नुसत्या धान्यावर होत नाही. त्यामुळे तुटपुंज्या पैशात नीट खाण्याचा प्रश्न प्रत्यक्षात बराचसा प्रथिनांचा प्रश्न असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. पाच जणांच्या घराला दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम असतात, शेंगदाण्यात २५, एका अंड्यात ६, अर्धा लिटर गाईच्या दुधात १६ आणि १०० ग्रॅम सोयावडीत पन्नासच्या आसपास. बाकीचं पोळी-भाकरी-भातातून येतं, आणि ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतं.

डाळ: सर्वात निर्मळ, तरीही

डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात, त्यामुळे युरिया कमी लागतो. मराठवाडा-विदर्भात तूर बहुतेक सोयाबीन किंवा कपाशीत आंतरपीक म्हणून असते, बरेचदा पावसाच्याच पाण्यावर. पाणी, माती, हवा, प्राणी अशा कोणत्याही बाजूने पाहिलं तरी डाळ उजवी ठरते. एकच बाजू लंगडी आहे, ती म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव.

तो भाव आपल्याला घरबसल्या साधारण ओळखता येतो. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला. १०० किलो तुरीतून मिलमध्ये साधारण ६५ ते ७० किलो डाळ निघते. उरलेली चुणी आणि टरफलं गुरांच्या खाद्यात जातात, त्यांचे थोडे पैसे येतात. म्हणजे शेतकऱ्याला हमीभाव दिला असेल तर एक किलो डाळीत नुसत्या तुरीचेच ११५ ते १२० रुपये झाले. मिलचा, वाहतुकीचा, दुकानदाराचा खर्च त्यावर. डाळ याहून स्वस्तात मिळत असेल तर समजायचं की या साखळीत कुणीतरी कमी घेऊन बसलं आहे. तो इथला शेतकरी असेल, नाहीतर मोझांबिक, टांझानिया किंवा म्यानमारचा, कारण २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली. २०२५ च्या सुरुवातीला नवी तूर बाजारात आली तेव्हा बऱ्याच बाजार समित्यांत भाव त्या वर्षीच्या ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली होते.

मग महाग डाळ घ्यायची का? नाही. किराणा दुकानात वीस रुपये जास्त मोजले म्हणून ते लातूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाहीत, वाटेतच जिरतात. भाजीपाल्यातही तेच होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात टोमॅटो, कांदा आणि बटाट्याच्या शेतकऱ्याला ग्राहकाच्या रुपयातले ३३ ते ३७ पैसे मिळतात असं दिसलं. वाट लहान केली तरच पैसा पोचतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी तूर येते तेव्हा शेतकरी उत्पादक कंपनीकडून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार घरांनी मिळून वर्षाची डाळ घेतली, तर घेणाऱ्याला दुकानापेक्षा स्वस्त आणि विकणाऱ्याला बाजार समितीपेक्षा जास्त, असं दोन्ही साधू शकतं. अडचण एकच: एकदम पाच-सहा हजार रुपये काढायचे कुठून? ज्यांचं घर आठवड्याच्या मजुरीवर चालतं त्यांना हा सल्ला देणं म्हणजे थट्टा आहे. ज्यांना बोनस मिळतो किंवा ज्यांची भिशी चालू आहे, त्यांच्यासाठी तो आहे. डाळ एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळवून, एरंडेलाचा हात फिरवून ठेवली की टिकते. हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अंडं, कोंबडी, मटण: माप कोणतं?

इथे प्रश्न खरोखर अवघड होतो, कारण वेगवेगळी मापं वेगवेगळी उत्तरं देतात.

हवामानाचं माप घ्या. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक यांनी ११९ देशांतल्या अडतीस हजारांवर शेतांची माहिती गोळा करून २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. त्यातल्या जागतिक सरासरीनुसार १०० ग्रॅम प्रथिनांमागे शेळ्या-मेंढ्यांच्या मटणातून सुमारे २० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात. कोंबडीतून पाच-सहा किलो, अंड्यांतून चार, डाळींतून एक किलोपेक्षाही कमी. बांधावर चरणाऱ्या शेळीला ही जागतिक सरासरी तंतोतंत लागू होणार नाही, पण क्रम तोच राहतो: रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतोच.

आता प्राण्याच्या हालअपेष्टांचं माप घ्या, म्हणजे हा क्रम उलटा होतो. शेळी बहुतेक वेळा एखाद्या धनगराची किंवा भूमिहीन बाईची असते. ती उघड्यावर हिंडते, पाला ओरबाडते, शेळीसारखं जगते. बाजारातल्या बहुतेक अंड्यांची कोंबडी मात्र पिंजऱ्यात असते आणि तिच्या वाट्याला येणारी जागा ए-फोर कागदाहून कमी असते. पंख पसरायची सोय नाही, माती उकरायची नाही. अंड्यांच्या जातीचे नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठीही फायद्याचं नसतं, म्हणून ते जन्मल्या दिवशीच मारलं जातं. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापायला येते.

तिसरं माप संख्येचं. पाच जणांच्या घरात दर रविवारी एक कोंबडी आली तर वर्षाला पन्नासेक जीव झाले. तेवढंच मटण खाल्लं तर चार-पाच बोकड. रोज तीन अंडी खाल्ली तर वर्षाची हजारभर अंडी द्यायला तीन-चार कोंबड्या पुरतात, पण त्यांचं आयुष्य या सगळ्यांत वाईट. आणि चौथं माप खिशाचं. मटण किलोला सात-आठशे रुपये, अंडं सात रुपयांच्या आसपास. बऱ्याच घरांत वाद इथेच मिटतो.

ही मापं एका तराजूत घालून एक आकडा काढता येत नाही. काढून दाखवणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्यामुळे पुढचं मत माझं आहे, विज्ञानाचं नव्हे. मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस यांच्यासाठी अंडं सोडू नये. इतक्या कमी पैशात इतकं पोषण दुसऱ्या कुठल्या प्राणिज पदार्थातून मिळत नाही. पिंजऱ्याबद्दल जे वाईट वाटतं ते मोठ्यांच्या ताटातून वजा करावं: धडधाकट माणसाने डाळ, उसळ, शेंगदाण्यावर भागवावं. सगळ्यात आधी कमी करायची ती सवयीने येणारी रविवारची कोंबडी. महिन्यातले दोन रविवार काळ्या वाटाण्याची आमटी किंवा मसुराचं कालवण केलं तरी पंचवीसेक जीव कमी होतात आणि पैसेही वाचतात. मटण आखाडाला, जत्रेला, पाहुणा आला तर. आपल्याकडे बहुतेक मांसाहारी घरांत ते तसंच होतं, आणि श्रावण पाळणाऱ्या घरात वर्षातला एक महिना काहीही न ठरवता कोरा जातो.

मासळीबद्दल थोडक्यात. राज्यात पावसाळ्याच्या तोंडावर, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेट राज्य मासा झाला, कारण तो कमी होत चालला आहे. तळहातात मावणारं पापलेट स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका. एकदाही अंडी न घातलेला मासा तो. बांगडा, तारली, मांदेली हे झटपट वाढणारे मासे आहेत, खिशालाही बरे पडतात, आणि तारलीइतकी चरबीयुक्त, पौष्टिक मासळी त्या पैशात दुसरी नाही.

दुधाचा पेच

दूध अहिंसक, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. गाय दूध देते ती व्यायल्यावर. म्हणजे दर वर्ष-सव्वा वर्षाने तिला वासरू व्हावं लागतं, आणि त्यातली निम्मी वासरं नर असतात. बैलाचं काम ट्रॅक्टरने घेतलं. होल्स्टीन-जर्सी संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात औत ओढायची ताकद नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे तो विकायची वाटही बंद. दिवसाला चार लिटर दूध पिणारा, कधीच काही मिळवून न देणारा जीव सांभाळायचा कोणी? मग तो अर्धपोटी ठेवला जातो, सोडून दिला जातो, किंवा गुपचूप कुठेतरी जातो. म्हशीच्या रेडकाचीही गत फार वेगळी नसते. हे सांगताना शेतकऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. २०२३-२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरला पंचवीस-सत्तावीस रुपयेच मिळत होते आणि सरकारला वर पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्याच वेळी शहरात पिशवीतलं दूध लिटरला पन्नासच्या पुढे होतं. एवढ्या भावात त्याने गोऱ्हा पोसावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

मुलांचं दूध तोडून हा पेच सुटत नाही. पण बऱ्याच घरांत निम्मं दूध मोठ्यांच्या चहात जातं. दिवसाचे चार चहा दोनवर आणले तर अर्धा लिटर सहज वाचतं, शिवाय साखरही वाचते, आणि साखरेकडे आपण शेवटी येणारच आहोत.

इथेच ‘ए-टू’ दुधाचं बघू. ‘ए-टू’ हे दुधातल्या एका प्रथिनाच्या प्रकाराचं नाव. देशी गाईचं म्हणून ते साध्या दुधाच्या दुपटीने विकलं जातं. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटावरचे असे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. दुधातल्या प्रथिनाचा प्रकार काहीही असो, त्या गाईच्या गोऱ्ह्याचं काय झालं हे ‘ए-टू’ हा शिक्का सांगत नाही. ‘गावरान’ अंड्याचंही तसंच. कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, ती मोकळी हिंडते की पिंजऱ्यात असते यावर नाही. तपकिरी अंडी देणारी कोंबडीही पिंजऱ्यात ठेवता येते, आणि ठेवली जाते. दुप्पट पैसे मोजायचे असतील तर कोंबड्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून घ्या.

सेंद्रियाची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे प्रमाणपत्राची व्यवस्था आहे आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह त्यासाठीच आहे. पण त्या व्यवस्थेचा फायदा कुणाला, हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्याला काळजी असते भाजीवर उरलेल्या कीटकनाशकाच्या अंशाची. खरा विषारी डोस मिळतो तो फवारणी करणाऱ्याला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कपाशीचा आणि जेवणाचा काय संबंध असं वाटेल, पण सरकीचं तेल आपण खातो आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांपुढे जाते. म्हणजे सेंद्रिय माल घेण्याचं सर्वात सबळ कारण आपली तब्येत नसून त्या मजुराची आहे. तरीही, हात आखडता असेल तर सेंद्रियावर दीडपट-दुप्पट खर्च करण्याआधी तोच पैसा जास्त डाळीवर आणि पालेभाजीवर घालावा, असं मला वाटतं. पालेभाजी कमी खाऊन ती सेंद्रिय खाण्यात घरातल्या कुणाचंच भलं नाही.

‘जवळचं तेच खा’ हाही सल्ला हल्ली फार ऐकू येतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा जावा म्हणून तो योग्यच आहे. २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्या, तेव्हापासून पुण्या-मुंबईत शेतकरी आठवडे बाजार वाढले, आणि मेथीची ताजी जुडी तिथे मिळते. मात्र हवामानाच्या नावाखाली हा सल्ला फार ताणू नये. अन्नातून होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण सहा टक्केच असतो. काय खातो याला जास्त वजन आहे, कुठून आलं याला कमी.

पैसा आणायचा कुठून

आतापर्यंत जे सांगितलं त्यातल्या निम्म्या गोष्टींना वरकड पैसा लागतो. तो घरातच असतो, पण वेगळ्या खात्यावर. २०२३-२४ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत खाण्यावरच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पेयं, बाहेरचं खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा निघाला. तो दुधापेक्षा आणि भाजीपेक्षाही मोठा आहे. शहरांतच नव्हे, गावांतही तसंच. दोन मुलांना रोज खाऊचा दहा-दहाचा एकेक पुडा दिला तर महिन्याला सहाशे रुपये होतात. त्यात पंच्याऐंशी अंडी येतात. त्या पुड्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पामतेल लिहिलेलं असतं. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते, त्यात इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा वाटा मोठा, आणि तिथली जंगलं त्यासाठी तुटली आहेत. इकडे २०२४ च्या दिवाळीत लातूरचा शेतकरी ४,८९२ रुपये हमीभावाचं सोयाबीन चार-सव्वाचार हजारांना विकत होता. खाण्यात नीती आणायची तर पहिला रुपया या पुड्यातून काढावा. इथे जनावर, जंगल, शेतकरी, मुलाचे दात आणि घरचा हिशेब असे सगळे एकाच बाजूला उभे आहेत. अशी सोपी जागा या विषयात दुसरी नाही. मूल रडेल, हे खरं. हातात काहीतरी द्यावं लागतं, आणि संध्याकाळी साडेसहाला दमून आलेल्या माणसाला शेंगदाण्याचा लाडू वळायला सांगणं सोपं नाही. म्हणून लाडू रविवारीच वळून ठेवावेत, आणि फक्त आईनेच वळावेत असा काही नियम नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. फोडणीची पोळी आणि भाकरीचा कुस्करा खाणाऱ्या घरांना यावर व्याख्यान नको.

जे दुकानात सुटत नाही

साखरेत मात्र ग्राहक म्हणून आपण जवळजवळ हतबल आहोत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. पाळी असो, गर्भ असो, पहाटे चारला फडात उभं राहावंच लागतं. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

यावर उपाय म्हणून अमुक कंपनीची साखर घ्या असं सांगता येत नाही. पोत्यातल्या साखरेला चेहरा नसतो, आणि राज्यातल्या कोणत्याही कारखान्याचा बहुतेक ऊस अशाच टोळ्यांनी तोडलेला असतो. साखर सोडून गूळ घेतल्यानेही काही बदलत नाही, ऊस तोच आणि कोयताही तोच. देशातली निम्म्याहून जास्त साखर तर घरच्या डब्यात येतच नाही, ती शीतपेयं, बिस्किटं आणि मिठायांत जाते.

पण आकडेमोड करून बघा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेत ती तोडणाऱ्या जोडप्याचा वाटा साडेतीन-पावणेचार रुपयांचा. हा दर आणखी निम्म्याने वाढवला तरी साखरेचा भाव किलोला दोन रुपयांनी सुद्धा वाढणार नाही, आणि महिन्याला पाच किलो साखर आणणाऱ्या घराला दहा रुपयांचीही झळ बसणार नाही. ग्राहकाला परवडत नाही म्हणून मजुरी वाढत नाही, हे कारण इथे लागू पडत नाही. दर ठरतो साखर संघ आणि मजूर संघटनांच्या वाटाघाटीत. मजुरांची नोंदणी, विमा, फडावर पाणी आणि संडास हे काम गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं. दोन्ही ठिकाणी राजकारण्यांचं वजन चालतं. त्यामुळे साखरेबद्दलचा प्रश्न वाण्याला विचारण्यात अर्थ नाही, तो मत मागायला दारात येणाऱ्याला विचारायचा. त्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याशी जोडलेले असतात, आणि उत्तर देता येणार नाही असं त्यांना म्हणता येत नाही.

शाळेतल्या अंड्याचंही असंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं की द्यायचं तर लोकसहभागातून द्या. ज्या गावात अंड्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच लोकसहभाग उभा राहणं सगळ्यात कठीण. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि आहाराची देखरेख हा त्या समितीच्या कामाचा भाग आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत अंड्याचा ठराव घालायला कुणाची परवानगी लागत नाही. ठराव मंजूर झाला की त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि आमदारांना पाठवावी, आणि पोच घ्यावी.